बाजेवरचा उमेदवार

“मानवानं वार्धक्यावर विजय मिळवला आहे,” कारखान्याचे चेअरमन आबासाहेब माईकवरून म्हणाले, “इथून पुढं माणसानं म्हातारं होणं ही इतिहासजमा गोष्ट समजावी.” यातलं ‘समजावी’ जरा जोरात पडलं आणि त्यांची वरची कवळी सुटून गळ्यातल्या हारात जाऊन अडकली. सेक्रेटरींनी ती झेंडूच्या फुलांतून हुडकून काढली, रुमालाला पुसली आणि अदबीनं परत केली. आबासाहेबांनी सभेकडं पाठ करून ती जागच्या जागी बसवली. सेक्रेटरींनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या.

ही चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यातली गोष्ट. आपला माणूस महिन्यापूर्वीच अवकाशात आठ दिवस राहून आला होता आणि तालुक्यातल्या प्रत्येक संस्थेला त्या पराक्रमातला आपापला वाटा हवा होता. सोसायटीनं पेढे वाटले, दूध संघानं अभिनंदनाचा ठराव केला, आणि करजाळच्या सहकारी साखर कारखान्यानं उमरग्याहून प्राध्यापक हुलसूरकरांना व्याख्यानाला आणलं. विषय होता ‘अंतराळप्रवास आणि मानवी शरीर’. मांडव गोदामापुढं घातला होता. पुढं खुर्च्यांवर संचालक, मागं सतरंजीवर कामगार, आणि त्याच्याही मागं रिकाम्या पोत्यांवर हमाल. हमालांना कुणी बोलावलेलं नव्हतं. मांडवच त्यांच्याकडं चालून आला होता.

त्या हमालांत व्यंकट होता. मागं टेकायला भिंत असूनही टेकत नव्हता, कारण टेकलं की पाठीतून कळ यायची. व्याख्यान कधी संपतं आणि ट्रक कधी लागतो, एवढाच त्याचा अवकाशाशी संबंध होता.

प्राध्यापक मात्र भला माणूस. समोर कोण बसलंय हे न बघता त्यानं खरं ते सांगून टाकलं. म्हणाला, जमिनीवर आपलं डोकं मानेवर, मान पाठीवर, असा माणूस स्वतःच्याच ओझ्याखाली दिवसभर दबतो. मणक्यांच्या मधे गाद्या असतात, त्या चेपतात. वर अवकाशात वजनच नसतं. गाद्या फुगतात आणि माणूस दोन-तीन दिवसांत दोन बोटं उंच होतो. पण तिथं हाडांना काम राहत नाही म्हणून ती झिजायलाही लागतात. आणि प्रकाशाच्या वेगाच्या आसपास जाणारं यान निघालं, तर आत बसलेल्याचं घड्याळ हळू चालेल, इतकं की परत आल्यावर तो आपल्या भावापेक्षा तरुण असेल. मग सगळ्यांना समजावं म्हणून तो पुढं म्हणाला, अवकाश कशाला, तुम्हीसुद्धा सकाळी अंथरुणातून उठता तेव्हा रात्रीपेक्षा बोटभर उंच असता.

व्यंकटनं हात वर केला. आजवर त्यानं हात वर केला होता तो फक्त पोतं धरायला. त्यामुळं शेजारच्यांना वाटलं ट्रक आला.

“सर, वझं नसलं की मानूस वाढतो म्हनता. मग रोज पाठीवर क्विंटलचं वझं असलं तर?”

प्राध्यापक चष्मा काढून म्हणाला, “तर उलटं होईल. आखडेल.”

“किती?”

“ते ओझ्यावर आहे. आणि किती वर्षं वाहिलं त्यावर.”

आबासाहेबांनी माईक ओढून घेतला आणि आपल्या कारखान्याचे हमाल म्हणजे पोलादी पुरुष असल्याचं सांगितलं. सभा हसली. व्यंकटच्या डोक्यात मात्र एक जुना कागद फडफडायला लागला.

ज्या गोदामापुढं तो बसला होता ते त्याच्याच शेतात होतं. म्हणजे शेत त्याचं होतं तेव्हा गोदाम नव्हतं, आणि गोदाम झालं तेव्हा शेत त्याचं नव्हतं. कारखान्यासाठी जमिनी घेताना आबासाहेबांनी महादेवाच्या पिंडीवर हात ठेवून घरटी एक कायम नोकरी देतो म्हणून सांगितलं होतं. महादेव भोळा, लोक त्याहून भोळे. सहा हंगाम झाले, नोकरी विचाराधीन होती. तोवर म्हणून व्यंकट मुकादमाच्या हाताखाली साखरेची पोती वाहत होता. त्याची चार एकर जमीन पोत्यांच्या खाली होती आणि तोही.

आता कुठं फळ्यावर कागद लागला होता. वॉचमनच्या चार जागा, कायम, जमीन गेलेल्यांना प्राधान्य. खाली अटी. वय चाळीसच्या आत, छाती अमुक, उंची कमीत कमी एकशे त्रेसष्ट सेंटिमीटर. हा त्रेसष्टचा आकडा कुठून आला ते गावाला ठाऊक होतं. आबासाहेबांचा भाचा बरोबर तेवढा होता. तो ताडमाड असता तर जमीन गेलेल्यांतला एकही माणूस त्या अटीत बसला नसता. तेव्हा भाच्याच्या बापाचे आभारच मानायचे.

व्यंकटला ही जागा हवी होती ती पगारासाठी नव्हे. त्याला बसायला स्टूल पाहिजे होतं. मुरूम गावच्या वैदूनं पाठीवरून हात फिरवून सांगितलं होतं, अजून दोन हंगाम पोती वाहिलीस तर पुढं तुला कुणी उभं केल्याशिवाय उभं राहता येणार नाही. वैदू खोटं बोलून दोन रुपये जास्त घेतो हे व्यंकटला माहीत होतं. या खेपेला त्यानं पैसे घेतले नव्हते. त्याचीच भीती बसली होती.

व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशी तो मुनवर टेलरच्या दुकानात गेला आणि पत्र्याच्या डबीतला तो जुना कागद मशीनवर ठेवला. बहात्तरच्या दुष्काळात तो उस्मानाबादला पोलीस भरतीला गेला होता, त्याची चिठ्ठी. वय चोवीस, उंची एकशे चौसष्ट, पास. छाती, नापास. साहेब म्हणाला होता, छाती फुगव. सहा महिने खडी फोडून सुकडी खाल्लेल्या माणसानं फुगवून फुगवून काय फुगवायचं? हवा भरायला आत जागा होती, धरून ठेवायला मांस नव्हतं. आता सहा हंगाम पोती उचलून छाती दरवाजाएवढी झाली होती. सरकारला आणि सहकाराला जे पाहिजे असतं ते व्यंकटकडं नेमकं चुकीच्या साली असायचं.

मुनवरनं त्याला भिंतीशी उभं करून मोजलं. एकशे एकसष्ट. टेप झटकून पुन्हा मोजलं. मग लोखंडी गजानं मोजलं. मग खाली बसला.

“भाई, कपडा धुतल्यावर आटतो,” तो म्हणाला. “मानूस आटलेला आज बघितला.”

घरी गेल्यावर व्यंकटनं चांगुणाला सांगितलं. ती भाकरी थापत होती, तशीच थापत राहिली. थोड्या वेळानं तिनं मान वळवून घराच्या चौकटीकडं बघितलं.

“लग्नाच्या साली तुमचं कपाळ रोज आपटायचं हितं,” ती म्हणाली. “मग आपटायचं थांबलं. मला वाटलं, मानूस शाना झाला, वाकायला शिकला.”

त्या रात्री पाठीला एरंडेल चोळताना तिची बोटं मणके मोजत असल्यासारखी एकेक खाली आली, आणि एका जागी दोन मणके एकच लागले तिथं थांबली.

योजना मुनवरची. परीक्षा आठ दिवसांवर होती. आठ दिवस व्यंकटनं आडवं पडायचं. गाद्या फुगतील. आणि परीक्षेच्या दिवशी कारखान्यापर्यंत दोन मैल चालत गेलास तर सगळं पुन्हा चेपेल, तेव्हा बाजेवरून जायचं, झोपून. थेट मोजपट्टीशी उभं राहायचं. “सर काय म्हनले? सकाळी मानूस उंच,” मुनवर म्हणाला. “तर तुझी सकाळ आपन उचलून न्यायची. बास.”

गावाला हे पटायला वेळ लागला नाही. प्राध्यापकानं सांगितलेलं, माईकवरून. तरी दिवसाउजेडी आडवा पडणारा माणूस एकतर आजारी असतो नाहीतर संचालक, त्यामुळं येणारा-जाणारा दारातून डोकावून तब्येत विचारायचा. चांगुणा सांगायची, वाढायला लावलंय.

पहिले दोन दिवस व्यंकटला पाप केल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी पाठीतली कळ थोडी उतरली आणि त्या रिकाम्या जागेत राग आला. राग यायलाही फुरसत लागते. पाठीवर क्विंटल असताना माणूस फक्त पुढचं पाऊल बघतो. ते पाऊल पडलं की त्याच्या पुढचं. आता छताकडं बघत पडल्या पडल्या त्याला एकेक आठवायला लागलं. पिंडीवरचा हात आठवला. जमिनीच्या कागदावर अंगठा घेताना ‘तुझंच गोदाम समज’ म्हणालेले आबासाहेब आठवले. नोकरीचं विचारायला गेला की हंगाम संपू दे म्हणायचे, हंगाम संपला की हंगाम लागू दे. गोदामात थप्पी चढवताना वरून पोतं निसटून त्याच्या मानेवर आलं होतं, तेव्हा मुकादमानं आधी पोतं फुटलं का ते बघितलं होतं, तेही आठवलं. मणक्यांच्या गाद्या फुगल्या की नाही ते कळायला मार्ग नव्हता. राग मात्र रोज बोटभर वाढत होता.

परीक्षेच्या दिवशी थोरला भाऊ मच्छिंद्र उमरग्याहून आला. तो तहसील कचेरीत शिपाई होता. व्यंकटपेक्षा तीन वर्षांनी मोठा, पण केस काळेभोर, गाल भरलेले, चालणं ताठ. चौदा वर्षं त्यानं साहेबांच्या दाराबाहेर स्टुलावर बसून काढली होती. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला आणि बाजेचा पुढचा पाय खांद्यावर घेतला. दुसरा मुनवरनं घेतला, मागचे दोन गोदामातल्या दोन हमालांनी.

ऊन आठ वाजताच चढलं होतं म्हणून चांगुणानं व्यंकटच्या अंगावर पांढरं धोतर पांघरलं, तोंडावरूनसुद्धा. तिथं घोटाळा झाला. चौघांच्या खांद्यावर पांढऱ्या कपड्याखाली ताठ माणूस निघालेला बघून चौकातल्या चहावाल्यानं स्टोव्ह बंद केला. पारावरच्या लोकांनी टोप्या काढल्या. नागूबाई म्हणून म्हातारी होती, ती पदर डोळ्याला लावत आडवी आली आणि बाजेला हात जोडून म्हणाली, गरिबाचं लेकरू गेलं गं बाई.

धोतराखालून आवाज आला, “आत्या, म्या मेलो न्हाय. भरतीला चाललोय.”

नागूबाई घाबरली नाही. तिनं डोळे पुसले. “तरीच,” ती म्हणाली. “मेलेल्याला कोन येवढं नीट उचलतंय.” आणि मच्छिंद्रला बजावलं की परत येताना वेशीतूनच आण, वरच्या मसणवाटेनं नको.

खांदेकऱ्यांना हसू आवरेना, बाज हलायला लागली. आत व्यंकट दातांवर दात धरून पडला होता. हसलं तर गाद्या चेपतील का, हे त्यानं प्राध्यापकाला विचारायचं ठेवलं होतं.

परीक्षा साडेनऊची होती. ऑफिसमागच्या आवारात, दवाखान्याच्या खोलीपुढं. साडेनऊला तिथं फक्त उमेदवार होते. साडेदहाला कारखान्याचे डॉक्टर आले. मग कळलं की आबासाहेब आल्याशिवाय मोजायचं नाही. अकरा झाले, बारा झाले. लिंबाची सावली बाजेवरून सरकली की चौघं बाज सावलीत सरकवायचे. मुनवर व्यंकटला उठू देईना. तहान लागली तर तांब्यानं धार तोंडात सोडायचा, अर्धं पाणी कानात. लघवीला जायचं म्हणाला तर मुनवर म्हणाला, “नक्को. एक सेंटिमीटर जाईल.” आबासाहेबांचा भाचा व्हरांड्यात पान खात उभा होता. त्यानं एकदा येऊन बाजेकडं वाकून बघितलं आणि विचारलं, रात्री राखणही झोपूनच करणार का. सगळे हसले. व्यंकट हसला नाही. त्याला आकाश दिसत होतं, कोरडं, पांढरं, एक ढग नसलेलं. तिथं आठ दिवस राहिलेला माणूस खाली उतरल्यावर म्हणे त्याला उचलून न्यावं लागलं होतं. त्याला उचलणाऱ्यांना कुणी हसलं नसणार.

एक वाजता जीप आली.

आधी भाचा. तो मोजपट्टीशी उभा राहिला, पायांत टाचेचे बूट. मुनवर म्हणाला, बूट काढायला सांगा. टेलर माणूस, त्याला मापातली लबाडी लांबून दिसते. डॉक्टरांनी आबासाहेबांकडं बघितलं.

“वॉचमनला बूट लागतात,” आबासाहेब म्हणाले. “बूट हा गणवेशाचा भाग आहे.”

एकशे त्रेसष्ट आणि वर थोडे, पास.

मग व्यंकटचं नाव निघालं. चौघांनी बाज उचलून पट्टीपाशी नेली, एका बाजूनं हळूहळू उभी केली आणि व्यंकट बाजेवरून थेट भिंतीवर उतरला, भिंतीला कॅलेंडर लावावं तसा. अनवाणी. डॉक्टरांनी लाकडी फळी डोक्यावर टेकवली. वाकून वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

“एकशे त्रेसष्ट,” ते म्हणाले. “आणि वर दोन मिलिमीटर.”

मुनवरनं दोन्ही हात आकाशाकडं केले. हमालांनी शिट्टी मारली. मच्छिंद्रनं डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाला. खुद्द व्यंकट हलला नाही. आठ दिवस ताठ पडलेला माणूस, त्याला विश्वासच बसेना की आता वाकायला हरकत नाही. छाती मोजली, तिला पट्टी पुरेना. डॉक्टर चांगलं म्हणाले. फॉर्मवर एकच रकाना राहिला होता.

“वय?”

“छत्तीस. रझाकारांची गडबड झाली त्या सालचा जल्म.”

डॉक्टरांनी त्याच्याकडं बघितलं. मग तोंड उघडायला लावलं. खालची पापणी ओढून बघितली. हाताचे पंजे उलटसुलट केले. पाठ उघडी करायला सांगून मागून बराच वेळ बघत राहिले. त्यांनी आबासाहेबांच्या कानाशी काहीतरी सांगितलं आणि रकान्यात लिहिलं, अंदाजे पन्नास.

मुनवरनं डबीतली चिठ्ठी पुढं केली. बहात्तर साली चोवीस. चोवीस आणि बारा छत्तीस, एवढा हिशेब कारखान्यालाही यावा. डॉक्टर म्हणाले, चिठ्ठी बरोबर असेल, पण त्यांना शरीर तपासायला बसवलंय, चिठ्ठी नव्हे. आणि शरीर पन्नासचं आहे.

“कागदावर छत्तीस, अंगावर पन्नास,” आबासाहेब म्हणाले. “आता आम्ही राखणीला कागद उभा करायचा का माणूस?”

तेव्हा मच्छिंद्र पुढं आला. कचेरीतला माणूस, सावकाश बोलला. स्वतःचं नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, आणि आपलं वय सरकारी सर्व्हिस बुकात एकोणचाळीस असल्याचं सांगितलं. मग व्यंकटच्या खांद्यावर हात ठेवला.

“ह्यो माझा सख्खा धाकटा भाऊ हाय. थोरला एकोनचाळीस. मग धाकटा पन्नास कसा व्हतो, तेवढं लिहून द्या साहेब.”

डॉक्टरांनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. मग पेनाला टोपण लावलं. उत्तर आबासाहेबांना सुचलं. ते म्हणाले, आई आता हयात नाही, तेव्हा त्या माऊलीच्या हिशेबावर बोलणं बरं नाही. व्हरांड्यात कुणीतरी फिस्सकन हसलं.

मच्छिंद्रचा हात उठला. व्यंकटनं तो मनगटात धरला आणि खाली आणला. त्या हातात पोती उचलायची ताकद होती, मच्छिंद्रचं काही चाललं नाही.

“थांब अण्णा,” तो म्हणाला. “तुजी नोकरी हाय.”

मग तो आबासाहेबांकडं वळला. आवाज चढला नाही. आठ दिवस पडून त्यानं प्रत्येक शब्द उलटासुलटा करून ठेवला होता.

“आबासाहेब, डॉक्टर खोटं न्हाय बोलले. पाठ पन्नासचीच हाय माझी. पन ती वरची चौदा सालं म्या कुठं गावाला जाऊन न्हाय घालवली. ह्या गोदामात घालवली, तुमच्याम्होरं. तुमचे सर म्हनले, वर गेलेल्याचं घड्याळ हळू चालतं. हितं खाली आमचं पळतंय, त्येला चावी कोन देतंय ते सर न्हाय बोलले. माझी तीन सेंटिमीटर तुमच्या थप्प्यांखाली हायती. म्या आठ दिस मेल्यावानी पडून त्यातली दोन माघारी आनली. माझ्या बायकूनं मला वाढवायला टाकलंय म्हनून सांगितलं गावाला. ती आनली, तर तुमी आता सालं काढली. उद्या सालं आनली तर काय काढाल?”

भाच्यानं पान थुंकायचं थांबवलं.

“जमीन घेतली, घ्या. उंची घेतली, घ्या,” व्यंकट म्हणाला. “पन घेऊन वर आमालाच इचारू नका, म्हातारा कसा झालास म्हनून. महादेवाच्या डोक्यावर हात ठेवला व्हता तुमी. त्यो दगूड हाय म्हनून गप हाय. म्या दगूड न्हाय.”

आबासाहेबांनी घड्याळ बघितलं. चांगलं बोलतोस, म्हणाले. पुढच्या सभेला तुला दोन मिनिटं देऊ. फॉर्म सेक्रेटरींच्या हातात दिला, तो त्यांनी इतर फॉर्मांच्या खाली घातला, आणि जीप आली तशी धूळ उडवत निघून गेली. डॉक्टरांना घ्यायला परत येईन असं ड्रायव्हर ओरडून सांगून गेला.

दोनचा भोंगा झाला. गोदामाला ट्रक लागला होता. मुकादमानं दारातून हाक मारली आणि बाज उचलून आणलेले दोन हमाल एकमेकांकडं बघत, व्यंकटकडं न बघता निघाले. मच्छिंद्रची अर्धी रजा संपली होती, अडीचची एस.टी. गेली तर साहेब मेमो देणार होते. तो जाता जाता खिशातली तंबाखूची डबी व्यंकटच्या हातात कोंबून पळत सुटला. आणि मुनवर ऑफिसात शिरला होता. बहात्तरची चिठ्ठी सेक्रेटरींनी फाइलला टाचून टाकली होती, आणि मुनवर ती घेतल्याशिवाय बाहेर येणारा माणूस नव्हता. आतून त्याचा आवाज येत होता, हिंदीत, म्हणजे प्रकरण लांबणार होतं.

आवारात व्यंकट उरला, बाज उरली, आणि पायरीवर बॅग घेऊन जीपची वाट बघणारे डॉक्टर.

डॉक्टर तसे वाईट नव्हते. त्यांना काहीतरी बोलावंसं वाटत होतं. बराच वेळ बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करून त्यांनी सांगितलं की पाठ खरंच फार झिजली आहे. दूध घेत जा. कॅल्शियमच्या गोळ्या लिहून देतो. आणि मुख्य म्हणजे इथून पुढं वजन म्हणून उचलायचं नाही, पाण्याची घागरसुद्धा नाही.

व्यंकटनं सगळं ऐकून घेतलं. मान डोलावली. धोतराची घडी घातली, खांद्यावर टाकली. कमरेला बांधलेला पटका सोडला, त्याची गोल चुंबळ वळली, आणि ती डोक्यावर नीट बसवली. बाज उलटी करून एका कडेवर उभी केली. मग गुडघ्यात वाकून तिच्याखाली बसला, दोन्ही हातांनी चौकट धरली आणि मान वळवून पायरीकडं बघितलं.

“डॉक्टरसाहेब,” तो म्हणाला, “जरा हात लावता का?”